कच्चा कैदी, पक्का कैदी

शिरस्तेदार

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्याशा बातमीखाली एकानं लिहिलं, "जामीन झाला म्हणजे सुटलाच की." त्यावर दुसऱ्यानं, "आत टाकलंय म्हणजे काहीतरी केलंच असणार." दोघंही शिकलेले, एक तर बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. मी एकतीस वर्षं कोर्टाच्या फौजदारी बाजूला कारकुनी केली. वकील नाही, न्यायाधीश तर नाहीच. पण रोजनामे, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदी, लिहून लिहून बोटाला घट्टे पडले, त्या हिशेबानं चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. ग्रुपवर टाकलं असतं तर शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे धागा काढतो.

तुरुंगात माणसांचे दोन प्रकार असतात, कच्चे आणि पक्के. कागदावर न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी, पण आतले, बाहेरचे, पोलीस, वकील, सगळे कच्चा-पक्काच म्हणतात. पक्का म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत होऊन शिक्षा लागली तो. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, किंवा उभाच राहिलेला नाही तो. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी निर्दोष असतो. 'निर्दोष असू शकतो' असं नाही, निर्दोषच. गुन्हा सरकारनं शाबीत करायचा, तोही वाजवी संशयाला जागा न ठेवता. आरोपीनं काही शाबीत करायचं नसतं. तो गप्प बसला तरी चालतं, घटनेच्या २०(३) कलमानं त्याला तो हक्क दिलाय.

आता आकडे बघा. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. चारातले तीन. आणि सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता किती? ४,३६,२६६. म्हणजे उद्या शिक्षा लागलेला एकूण एक माणूस सोडून दिला, तरी नुसत्या कायद्यानं निर्दोष असलेल्यांनी देशातले तुरुंग काठोकाठ भरतील. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी बेरीज दोनदा तपासली. कारकुनाची सवय.

मग हे आत का? तत्त्व असं की खटल्याआधीची कोठडी ही शिक्षा नव्हे. माणूस पळू नये, साक्षीदारांना धमकावू नये, पुरावा नाहीसा करू नये, एवढ्यापुरतीच ती. ही भीती नसेल तर जामीन द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्णा अय्यरांनी १९७७ साली राजस्थानातल्या बालचंदच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद. पुढच्याच वर्षी त्यांच्यासमोर मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं. जामीन मंजूर झाला होता, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. कृष्णा अय्यरांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, मोतीरामला सोडायला सांगितलं आणि खालच्या कोर्टांची चांगली हजेरी घेतली.

हे १९७८ साल. २०११ साली मी ज्या कोर्टात होतो तिथे एक रंगाऱ्याचा हाताखालचा पोरगा आणला. मराठवाड्यातला, वय वीस-एकवीस. बांधकामावरची तांब्याची वायर चोरल्याचा आरोप, पंचनाम्यात किंमत ३,८०० रुपये. तिसऱ्या आठवड्यात जामीन मंजूर, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. थोरल्या भावाच्या नावावर अडीच एकर, सातबारा घेऊन तो आला. जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, स्थानिक जामीनदार आणा म्हणून परत पाठवला. जामीन मंजूर झालेला तो पोरगा सात महिने आत होता.

तर 'जामीन झाला म्हणजे सुटला' हे वाक्य इथंच निकालात निघतं. काही विचारायचं असेल तर विचारा.

फुरसुंगीकर

धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न. बातम्यांत कधी 'पोलिस कोठडी' असते, कधी 'न्यायालयीन कोठडी'. वकील मंडळी पीसीआर-एमसीआर म्हणतात. न्यायालयीन कोठडी लागली की आरोपीचे नातेवाईक खूश का दिसतात? आत तर आतच ना?

शिरस्तेदार

बाळबोध नाही, नेमका आहे. अटक झाली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. तिथे पोलीस म्हणतात, आम्हाला चौकशीला हवा. ती पोलिस कोठडी, माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये. ती एकंदर पंधरा दिवसांपर्यंतच. न्यायालयीन कोठडी म्हणजे ताबा कोर्टाचा, माणूस तुरुंगात. नातेवाईक का खूश होतात ते तुम्ही जाणता, मी वेगळं लिहीत नाही.

एक बदल लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले. पूर्वी हे पंधरा दिवस पहिल्या पंधरवड्यातच वापरावे लागत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते तुकड्या-तुकड्यानं, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेला माणूस परत लॉकअपला येऊ शकतो. यावर वकिलांत बराच वाद आहे, मला तर हा बदल मुळीच आवडलेला नाही.

साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागायचा हक्क मिळतो, तो जुनाच नियम कायम आहे. अट एकच, मागावा लागतो. न मागता कुणी देत नाही. गरिबांचा घोटाळा इथेच होतो.

खट्याळ

म्हणजे आता 'तीनशे दोन लागला' म्हणायचं नाही? आमच्या गल्लीत तर भांडणाला सुरुवातच तिथून होते.

काळाकोट

खून आता भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, १०३ कलम. नवीन ३०२ म्हणजे मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. आणि संहिता ३५८ कलमांतच संपते, त्यामुळे चारशे वीस हे कलमच उरलं नाही. फसवणूक ३१८ मध्ये गेली. पक्षकारांना अजून पटत नाही. परवा एक आजोबा म्हणाले, "वकीलसाहेब, चारशे वीसच लावा, हे तीनशे अठरा हलकं वाटतं."

मंजिरी_म

मला हा धागा वाचून राग आला, खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना घरफोडी झाली. आईचे दागिने गेले. माणूस पकडला, त्याच्याकडे निम्मे सापडलेही. बावीस दिवसांत तो बाहेर. भाजी घेताना मला समोर दिसतो. दागिने अजून पोलिसांकडे. खटला कुठवर आला हे सांगायला एक माणूस येत नाही. त्याचे हक्क, त्याचा संशयाचा फायदा, त्याचा जामीन. मग मी कोण?

काळाकोट

मंजिरीताई, कडू उत्तर देतो. कायद्यानं तुम्ही साक्षीदार. फौजदारी खटल्याच्या कागदावर एका बाजूला 'महाराष्ट्र शासन' असतं, दुसऱ्या बाजूला आरोपी. गुन्हा हा तुमच्याविरुद्ध नव्हे, सगळ्या समाजाविरुद्ध झाला असं धरतात. त्यामागे कारण आहे. नाहीतर श्रीमंत आरोपी फिर्यादीला पैसे देऊन परस्पर मिटवेल, आणि गरीब फिर्यादीला वकील कुठून परवडणार? म्हणून सरकारी वकील. पण यात ज्याचं घर फुटलं तो माणूस कोपऱ्यात गेला, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

दोन गोष्टी करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक केलंय. तुमचं प्रकरण जुनं असलं तरी लेखी विचारा. दुसरं, दागिन्यांसाठी खटला संपायची वाट बघू नका. मुद्देमाल परत मिळावा असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन दागिने ताब्यात देतात. मौल्यवान मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नका असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय.

मंजिरी_म

अर्जाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आभार. बाकी मत आहे तेच आहे.

हिशेबी

शिरस्तेदारकाका, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? आणि दिवस-रात्र वेगळे धरतात म्हणून प्रत्यक्षात सातच. आमचे मामा शपथेवर सांगतात.

खट्याळ

मामा स्वतः आत होते का? दिवसपाळी की रातपाळी?

शिरस्तेदार

मामांना सांगा, दिवस-रात्र वेगळे धरणारा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही. तुरुंगातही चोवीस तासांचा एकच दिवस असतो, आणि तो बाहेरच्यापेक्षा लांब असतो.

जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गंमत म्हणजे हे ठरलं ते आपल्या पुण्याच्याच माणसाच्या प्रकरणात. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणं असं की शिक्षेत मिळालेली सूट, म्हणजे माफी, धरली तर माझी वीस वर्षं भरली, आता सोडा. जुन्या दंडसंहितेत शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरायची असं कलम होतं, त्याचा आधार. १९६१ साली न्यायालयानं सांगितलं की ते फक्त हिशेबापुरतं. सरकारनं शिक्षा कमी केली नाही तर जन्मठेप मरेपर्यंत. पुढे १९६४ मध्ये सरकारनं त्यांना सोडलं, पण तो सरकारचा निर्णय होता, कैद्याचा हक्क नव्हता.

चौदा आले कुठून? १९७८ साली कायद्यात घातलं की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर सरकारनं माफी दिली तरी निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढलीच पाहिजेत. ती किमान मर्यादा आहे. लोकांनी तिचीच कमाल करून टाकली.

कोड_वाला

'गुन्हेगारी मन' ही भानगड काय असते? कृत्य केलं की केलं. मनात काय होतं हे कोर्टाला कसं कळणार?

काळाकोट

देवळाबाहेर तुमच्यासारखीच चप्पल होती, तुम्ही चुकून ती घालून घरी आलात. कृत्य चोरीचंच, दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय नेली. पण चोरी नाही, कारण व्याख्येत 'अप्रामाणिकपणे' हा शब्द आहे. घरी आल्यावर कळलं, तरी 'बरी आहे, राहू दे' म्हणालात की मामला बदलला. मन दिसत नाही, पण मागचंपुढचं वागणं दिसतं. हत्यार कुठलं, वार कुठे, आधी धमकी दिली होती का, नंतर पळाला की दवाखान्यात नेलं.

याला अपवाद मात्र आहेत, आणि त्यातला गाजलेला मुंबईचाच. १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलाला जाणारा मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन प्रवासी सांताक्रूझला विमानातच बसून होता. अंगात खास शिवलेलं जाकीट, त्यात चौतीस किलो सोनं. भारतात उतरणार नव्हता. पण विमानातून नेलं जाणारं सोनंसुद्धा जाहीर करायला हवं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश काही दिवस आधीच राजपत्रात आला होता. त्याला ते कळणार कसं? मुंबई उच्च न्यायालयानं सोडलं. सर्वोच्च न्यायालयात दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं दोषी. परकीय चलनाच्या कायद्यात मन बघत बसलो तर कायदाच निकामी होईल, असा विचार. न्या. सुब्बा राव विरोधात होते. मला कॉलेजात असल्यापासून त्यांचंच पटतं.

घाटावरची

इथे सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझा चुलतभाऊ दीड वर्ष कच्चा होता. कुठे, कशात, ते नको. काकूबरोबर मुलाकातीला मी जायचे. सकाळी सहाला रांग, आधार कार्डाची झेरॉक्स, नंबर, मग बाकावर बसणं. आत काचेपलीकडे तो, मध्ये फोनची नळी. एकाच वेळी दहा-पंधरा जण ओरडून बोलतात, त्यामुळे नळी असून उपयोग नाही. काकू दर वेळी एकच विचारायची, "जेवलास का?" कॅन्टीनसाठी मनीऑर्डर करायची. साबण, बिस्किटं, कधी लोणचं.

मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते हे. त्याच्या बराकीजवळ पक्के कैदी कामाला जायचे. सुतारकाम, शिवणकाम, शेती. त्यांना मजुरी मिळते. चांगलं वागलं तर माफीचे दिवस मिळतात. संचित रजा (फर्लो) मिळते, घरी कुणी आजारी असलं तर अभिवचन रजा (पॅरोल) मिळते. माझ्या भावाला यातलं काही नाही, कारण तो निर्दोष! दिवसभर बराकीत बसून राहायचं. काकू वारली तेव्हा वकिलाला पळापळ करून कोर्टाची परवानगी आणावी लागली, तीही बंदोबस्तात, चार तासांची. तो नंतर एकदा म्हणाला, "पक्क्याला निदान सुटायची तारीख माहीत असते. मला फक्त पुढची तारीख माहीत असते."

आणि ती तारीखसुद्धा. कित्येकदा कैदी पार्टी, म्हणजे न्यायला पोलीस, नाही म्हणून कोर्टात नेलंच नाही. आता व्हिडिओ कॉन्फरन्सवर दोन मिनिटं चेहरा दाखवतात.

शेवटी निर्दोष सुटला. दीड वर्षाचं कुणी काही विचारलं नाही.

शिरस्तेदार

ताई, धागा मी काढला, पण मुद्दा तुम्ही सांगितलात. मी सहा परिच्छेद लिहून तिथवर पोचलो नव्हतो.

सोलापूरकर

कच्चा-पक्का ठीक, पण तुरुंगात जातही आत जाते. ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमपुस्तकांत स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचे हे जातीवरून ठरवलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी! न्यायालयानं ते रद्द केलं आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. त्याच निकालात विमुक्त जमातींना 'सराईत' समजून वेगळं वागवण्यावरही बोट ठेवलंय.

आम्हा सोलापूरकरांना हे नवं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या वस्तीला अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. निर्दोष मानायचं तत्त्व एकीकडे, आणि पाळण्यातल्या पोराची हजेरी दुसरीकडे. १९५२ साली कायदा गेला. आजही रात्री कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते.

हेगवाला

इथे नेदरलँड्समध्ये मध्यंतरी उलटीच तऱ्हा होती. कैदी कमी पडले म्हणून तुरुंग भाड्यानं दिले. २०१५ पासून तीन वर्षं नॉर्वेचे कैदी इथल्या नॉर्गरहाव्हनमध्ये राहत होते, त्याआधी बेल्जियमचे टिलबर्गला. पुण्यात नातेवाईकांना सांगितलं तर त्यांना वाटलं थट्टा करतोय.

खट्याळ

टू बीएचके आहे का बघा हो एखादा.

आटपाडीकर

आमच्याकडे भिंत नसलेला तुरुंग आहे, कुणाला माहीत आहे का? स्वतंत्रपूर. औंध संस्थानाच्या काळात सुरू झालेला. राजेसाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर, यांच्या डोक्यातली कल्पना. कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात, बाजाराला येतात. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या प्रसिद्ध सिनेमाचं मूळ इथलंच. लहानपणी आम्हाला ती माणसं कैदी आहेत हे कुणी सांगावं लागायचं. पण वरची चर्चा वाचून लक्षात आलं, तिथे जायलाही आधी पक्कं व्हावं लागतं.

संपादक

चालू खटल्यांतल्या राजकीय व्यक्तींविषयीचे दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

काळाकोट

आशेच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडतील. पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, बाकीच्यांना निम्म्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि त्याच्यावर एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू नसतील तर. अर्ज तुरुंग अधीक्षकानंच कोर्टात पाठवायचा असतो. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंगानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, हे ३१ जानेवारी २०२३ चं सर्वोच्च न्यायालयाचं फर्मान. स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरू नका, हेही त्यातच आहे. शिवाय जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर केंद्राच्या योजनेतून मदत मिळते. आपल्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर थेट प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, वकील फुकट मिळतो.

कोड_वाला

शिरस्तेदारकाका, त्या वायरवाल्या पोराचं पुढे काय झालं?

शिरस्तेदार

कुणीतरी विचारणार हे माहीत होतं.

सातव्या महिन्यात त्याला पार्टीनं आणलं. पुकारा झाला. मी टेबलाशी बसलो होतो, तो कठड्याजवळ वाकून हळूच मला म्हणाला, "साहेब, कबूल केलं तर कधी सोडतील?" मी काय सांगणार? सांगायचा मला अधिकार नाही. पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. चोरीला कमाल तीन वर्षं, पहिला गुन्हा, सात महिने भोगलेले. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. न्यायाधीशांनी रीतसर विचारलं, समजून सांगितलं, कुणाचा दबाव आहे का तेही विचारलं. नाही म्हणाला. रोजनाम्यात मी लिहिलं: आरोपी हजर. आरोप वाचून दाखवला व समजावून सांगितला. आरोपीस गुन्हा कबूल. शिक्षा, भोगली तेवढीच. संध्याकाळी तो भावाबरोबर एसटीत बसला.

त्यानं वायर चोरली होती का? मला माहीत नाही. न्यायाधीशांना नाही, सरकारी वकिलालाही नाही. एकही साक्षीदार तपासला गेला नाही. आज असता तर पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत मिळालेला, म्हणजे नव्या न्याय संहितेत शिक्षा सामुदायिक सेवा. कुठे झाडलोट केली असती चार दिवस.

तीनेक वर्षांनी तो नकलेच्या खिडकीशी आला. सिक्युरिटी गार्डची नोकरी लागत होती, पोलीस पडताळणीत 'दोषसिद्ध' असा शेरा आला होता. निकालाची नक्कल हवी होती. मी काढून दिली. त्यानं ती उभ्या उभ्या वाचली, मग विचारलं, "साहेब, यात सुटायसाठी कबूल केलं असं कुठं लिहिलंय का?"

मी म्हटलं, नाही. नकलेची फी घेतली, पावती दिली.

घाटावरची

...

मंजिरी_म

वाचलं.

मुद्देमालाचा अर्ज सोमवारी दिला. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय.